दुसऱ्यात न टिकणारी गाडी

१२ जानेवारी

अण्णा,

तब्येतीची चौकशी, आशीर्वाद वगैरे सगळं शेवटी जागा उरली तर लिहीन. तुला किती वेळा फोन केला असेल मी! दरवेळी वहिनीच उचलते. एकदा तू अंघोळीला, एकदा झोपलेला, एकदा नुकताच बाहेर पडलेला. काल तर मागे तुझा खोकला मला स्वच्छ ऐकू येत होता आणि वहिनी म्हणते, "घरात नाहीत हो." मी भांडायला फोन करत नव्हते, अण्णा. गाडीबद्दल विचारायचं होतं.

हे शिडीवरून पडले तेव्हापासून व्हॅन मीच चालवते, हे तुला कळवलंच होतं. खुब्याचं हाड जोडलंय, पण पाय टेकायला डॉक्टर अजून नाही म्हणतात. दिवसभर खाटेवर पडून छताकडे बघतात. आणि पोरीचं, ठकीचं, डायलिसिस आठवड्यातून तीनदा, घाट उतरून खालच्या शहरात. घाटातली भिंत कोसळल्यापासून बस वर येत नाही, पायथ्याशीच थांबते. सुरुवातीला शेजाऱ्यांनी नेलं, दुकानदारानं त्याच्या टेम्पोतून नेलं. लोक चांगले आहेत. पण आठवड्यातून तीनदा, जन्मभर, कोण कुणाला नेणार? तेव्हा आपली व्हॅन आणि आपण.

तर आता व्हॅननं त्रास द्यायला सुरुवात केलीय. दुसरा गिअर टाकताना करकरते. कधी पडतच नाही, दांडा हातात थरथरतो. आणि पडला तरी उतारावर मधूनच सुटतो. आपोआप. खट्ट करून दांडा मधे येतो आणि गाडी मोकळी पळायला लागते. परवा तसं झालं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. ठकी मागे झोपली होती म्हणून बरं.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, "ताई, गिअरबॉक्सचं आयुष्य संपलं. दुसरा बसवा." दुसरा मिळतो कुठे, तर हे मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलंय. झालं. तो तरी काय करणार!

अण्णा, गिअरबॉक्स टिकतो तरी किती? यांना विचारलं तर भिंतीकडे तोंड करतात. तू ये ना. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून तू गाडीचं दुखणं सांगायचास, लोक रांग लावायचे. एक दिवस ये, कान लाव, काय ते सांग, आणि जा. जेवायलाही थांबू नकोस हवं तर.

तुझी भिंगरी


१९ जानेवारी

चि. भिंगरी,

पत्र मिळालं. फोनचं मनावर घेऊ नकोस. त्या यंत्राशी माझं कधीच जमलं नाही. विचारायचं ते लिहून विचारत जा.

किती टिकतो विचारलंस. नीट वापरला तर इंजिन दोनदा उघडावं लागेल पण गिअरबॉक्सला हात लावावा लागणार नाही. दीड-दोन लाख किलोमीटर सहज. त्याच्या दुप्पट चाललेलेही मी बघितलेत, आणि वर्षभरात वाट लावलेलेही. गाडी तीच, कारखाना तोच. फरक पडतो तो तेलानं आणि चालवणाऱ्याच्या हातानं.

आधी तेल बघ. गॅरेजवाल्याला सांग, बाजूचा बोल्ट काढून आत बोट घाल. बोटाला तेल लागायला हवं. नाही लागलं तर कमी आहे. खालचा बोल्ट काढला की त्याच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर राखेसारखा बारीक लगदा असेल तर चिंता नाही, ती रोजची झीज. चमकणारे तुकडे असतील तर चिंता आहे. तेलाचा वास घे. कुठून गळतंय का ते बघ. शेवटचं केव्हा बदललं आणि कुठलं घातलं, हे जावईबुवांना विचार. भिंतीकडे तोंड केलं तरी विचार.

आता तुझ्या हाताचं. गाडी चालताना दांड्यावर हात ठेवून बसू नकोस. तुला सवय आहे, मी शिकवताना तुझ्या मनगटावर किती चापट्या मारल्या होत्या. त्या वजनानं गिअर सरकवणारा आतला काटा झिजतो. क्लच पूर्ण दाब, अर्धवट नको. थांबलीस की न्यूट्रलला घे आणि पाय काढ. सकाळी तेल गार असतं, सुरुवातीला हळू चालव. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मधे क्षणभर थांब, घुसवू नकोस. पूर्ण उभी राहिल्याशिवाय रिव्हर्स टाकू नकोस.

आणि मला आवाज लिहून कळव. गाडी उभी, न्यूट्रलला, क्लचवर पाय नाही, तेव्हा आवाज येतो का? क्लच दाबल्यावर तो थांबतो का? यावर सगळं आहे.

येणं जमेलसं वाटत नाही. ठकीला आशीर्वाद.

अण्णा

ता. क. वहिनी सांगते, फोन नकोच, पत्रच बरं.


२८ जानेवारी

अण्णा,

वहिनीचा निरोप पोचला. पत्रच बरं! सरळ म्हणा ना, तुमच्या घरी आमचा फोन वाजलेला चालत नाही. तुझं "जमेलसं वाटत नाही" तर मी इतक्या वेळा वाचलं की कागद घडीवर फाटला. का जमत नाही, ते एका ओळीत लिहिता आलं नाही तुला?

असो. तू सांगितलंस ते केलं. बाजूच्या भोकात बोट गेलं ते कोरडं बाहेर आलं. खालचा बोल्ट काढला तर वाटीभर काळं तेल, जळक्या रबरासारखा वास. चुंबकावर लगदा होता, आणि त्यात दोन बारीक चकाकत्या कपच्याही. शिवाय मागच्या सीलमधून गळतंय. गॅरेजवाल्यानं सील बदललं. तेलाचं यांना विचारलं. भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "मागच्या अॅक्सलसाठी आणलेलं उरलं होतं, तेच घातलं. तेल ते तेल." गॅरेजवाल्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, त्या तेलात तिखट औषधं असतात, गिअर जुळवणाऱ्या आतल्या पितळी कड्या खाऊन टाकतं ते. यांनी तेव्हापासून माझ्याशी धड बोलणंही सोडलंय. मी काही म्हटलं नाही रे. म्हणून काय होणार होतं?

आणि आवाज लिहून काय कळवायचा? म्हणून रविवारी फोन केला. फोनची वायर खिडकीतून बाहेर ओढली, व्हॅन भिंतीला चिकटवून उभी केली, ठकीला रिसीव्हर धरायला लावलं. हातापायाला सूज असताना पोर खिडकीत उभी राहिली. वहिनीनं या वेळी तुला दिला फोन, उपकारच झाले. मी इंजिन चालू केलं, क्लच दाबला, सोडला, दाबला, सोडला. खाली उतरून येते तो ठकी म्हणाली, "मामानं ठेवला." मी विचारलं, "काय म्हणाला?" तर म्हणे, "ऐकलं, लिहून कळवतो." बस्स. ना तिची चौकशी, ना माझी.

तू ऐकलंयस ना? मग सांग आता. या गाडीनं घाट उतरू की नको?

भिंगरी


३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

वहिनीवर राग धरू नकोस. तिची काही चूक नाही.

आवाज ऐकला. बेअरिंगचं काही विशेष वाटत नाही. चुकीच्या तेलानं दुसऱ्याची पितळी कडी खाल्लीय, म्हणून करकर. त्यासाठी डबल क्लच कर: दाब, न्यूट्रलला ये, सोड, पुन्हा दाब, मग दुसरा. कडीचं काम पायानं होतं. गिअर सुटतोय तो बहुतेक गिअरबॉक्सखालच्या रबरांमुळे. ती खचली की सगळा डबा हलतो आणि दांडा ओढला जातो. रबरं बदलून घे. योग्य तेल, बरोबर पातळीपर्यंत. मग सावकाश चालव. चालेल.

चालेल असं वाटतं.

अण्णा


११ फेब्रुवारी

अण्णा,

चालेल म्हणालास ना? नाही चालली.

रबरं नवी घातली, तेल नवं घातलं, डबल क्लच करून करून माझी पोटरी धरली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर दुसरा सुटला. परत टाकायला गेले तर नुसता किंचाळला, पडेना. ब्रेकवर उभी राहिले. ब्रेक तापले, वास सुटला, आणि मग पायाखाली काही उरलंच नाही. गाडी पळत होती आणि ठकी मागून "आई" एवढंच म्हणत होती, ओरडत नव्हती, नुसतं "आई, आई". मी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. सगळी उजवी बाजू घासत गेली, आरसा गेला, दार चेपलं, आणि एका मातीच्या ढिगात थांबली. पलीकडच्या अंगाला काय आहे तुला माहीत आहे.

ठकीच्या कपाळाला टेंगूळ आहे. माझं मनगट सुजलंय, म्हणून अक्षर असं. मागून येणाऱ्या जीपवाल्यानं तिला इस्पितळात पोचवलं. गाडी गॅरेजवाल्यानं ओढून आणली.

तू कानानं ऐकून सांगितलंस म्हणून मी उतरले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर नसते उतरले.

तुला काही वाटलं तर उत्तर दे. नाही दिलंस तरी आता फरक पडत नाही.


१४ फेब्रुवारी

अण्णा,

आधीचं पत्र पोचलं असेल-नसेल. ते रागात लिहिलं. हे घाईत लिहितेय. पोस्टावर भरवसा नाही, पायथ्याला जाऊन बसच्या कंडक्टरच्या हातात देणार आहे.

ठकी गाडीत बसत नाही म्हणते. या नाही, कुठल्याच. त्या दिवशी परत आल्यावर शांतपणे म्हणाली, "आई, मी आता जाणार नाही." मला वाटलं, घाबरलीय, दोन दिवसांत होईल ठीक. ती घाबरलेली नाहीच. म्हणाली, "माझ्यासाठी तू दरीत जाणार, मग बाबांकडे कोण बघणार? हिशेबच बसत नाही. मी जाणार नाही म्हणजे नाही." एकोणीस वर्षांची पोर, आणि बोलते अशी की जणू बाजारात जायचं रद्द केलंय. हे खाटेवरून तिला शिव्या देत होते, मग रडायला लागले. मी हात जोडले तिच्यापुढे. पाया पडले असते, तर ती म्हणाली, "आई, उगाच तमाशा करू नकोस."

एक खेप चुकली. काल सकाळी तिला धाप लागली, आडवं होता येईना, ओठ निळसर. मग दुकानदाराच्या टेम्पोत उचलूनच घातली. नको म्हणायचं त्राणही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, परत असं केलंत तर आणायची तसदी घेऊ नका. आज बरी आहे. बरी आहे म्हणजे पुन्हा तेच म्हणतेय. उद्याच्या खेपेला दुकानदाराच्या टेम्पोत जबरदस्तीनं घालीन, पण परवा तो गावाला चाललाय, मग त्याचाही टेम्पो नाही.

आता दुसरं. काल मशीनला लावलेली असताना ती मला म्हणाली, "आई, मामावर चिडू नकोस. त्याला ऐकू येत नाही." मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. तर म्हणे, "शेजारच्या खाटेवरचे आजोबा असेच बोलतात. आपण काही विचारायच्या आधीच हो म्हणून मोकळे." मग म्हणाली, "त्या रविवारी तू गाडी चालू करायच्या आधीच मामा म्हणाला होता, ऐकलं, लिहून कळवतो. तेव्हा अंगणात चिमणीसुद्धा बोलत नव्हती." मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस मला? म्हणाली, "त्यानं लपवलंय, तर आपण कशाला उघडं पाडायचं!"

अण्णा, खरं आहे का हे? एवढं वर्कशॉपमध्ये हातोड्यांत आयुष्य काढलंस, कान गेले तर गेले. मला का नाही सांगितलंस? मी काय हसणार होते तुला? मी तुला दगडाच्या काळजाचा म्हणत बसले महिनाभर.

तू आवाज लिहून मागितला होतास. मी टाळला. आता लिहिते. गॅरेजमध्ये जाऊन, डोळे मिटून ऐकून आलेय.

गाडी उभी, न्यूट्रल, क्लचवर पाय नाही: पत्र्याच्या डब्यात वाळू आणि चार खडे घालून कुणी सावकाश फिरवतंय, तसा. घर्र, घर्र, आणि मधेच एक टक्. फेरी पूर्ण झाली की टक्. क्लच दाबला: आवाज विरतो, अगदी थांबतो. क्लच सोडला: आधी बारीक कुर्र, मग पुन्हा वाळू-खडे. पहिल्यात जरा जास्त. गॅरेजवाल्यानं मागचं चाक उचलून दुसऱ्यात घातली आणि पाय काढला, तेव्हा दांडा खालून कुणी बोटानं ढकलावा तसा हलला आणि खट्ट करून बाहेर आला. चौथ्यात मात्र काही नाही, गुळगुळीत.

हे पुरतं का तुला?

पुरत नसेल तर नुसता ये. गाडी राहू दे. ठकीशी बोल. ती कुणाचंच ऐकत नाही आणि मला पुढचं सुचत नाही. मी शिवणाच्या मशीनपुढे बसते आणि सुई कापडावर न टेकवता नुसती पाय हलवत राहते.

भिंगरी


१५ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र यांच्याच खिशात घालून देतेय. म्हणजे ते तिथे पोचलेत तेव्हाच तुम्ही वाचताय.

तुमची दोन्ही पत्रं आज एकदमच हाती आली. घाटाचं वाचलं आणि हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले ते उठेचनात. दुसरं मी त्यांच्यासमोर धरलं. शेवटच्या पानापर्यंत आले, वाळू-खड्यांचं वाचलं आणि पानावरच बोट ठेवून म्हणाले, "पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. मेलं आहे. मी पोरीला मारायला निघालो होतो." मग उठले आणि माळ्यावरची हत्यारं काढायला लागले. वर्कशॉपच्या जुन्या मालकाकडे जाऊन बेअरिंग घेऊन आले. काही बांधून द्यायलाही सुचलं नाही मला.

दोन वर्षं झाली कान जाऊन. आधी डावा, मग दोन्ही. काम सुटलं ते त्यामुळेच. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. म्हणायचे, तिला माझे कान हवे असतात, तेच नाहीत तर मी काय घेऊन जाऊ? मी सुचवायचा प्रयत्न केला, फोन नको, पत्र बरं. तुम्ही भलतंच समजलात, त्यात तुमचा दोष नाही.

ओरडून बोलू नका, उपयोग नाही आणि त्यांना राग येतो. समोर उभं राहून, तोंड दिसेल असं, नेहमीच्या वेगानं बोला. ओठांवरून बरंच कळतं. कळलं नाही तर ते हो म्हणतात, तेव्हा हो वर विश्वास ठेवू नका.

पोरीला सांभाळा.

वहिनी


१९ फेब्रुवारी

सरकार,

पोचलो. फोन करता येत नाही, तेव्हा माझं अक्षर सोस.

भिंगरी दारात उभी होती. रडत रडत काहीतरी म्हणाली, पण रडताना ओठ वाचता येत नाहीत. खिशातलं तुझं पत्र तिच्या हातात दिलं आणि सरळ गॅरेजकडे चालायला लागलो.

गॅरेजवाला भला माणूस आहे. त्यानं आपली दोन्ही कामं बाजूला ठेवली आणि गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. मी त्याला इंजिन चालू करायला सांगितलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक डब्याला टेकवलं आणि मूठ दातात धरली. कान नसले तरी जबड्याला कळतं, सरकार. दाढेत वाळू चावल्यासारखं झालं. भिंगरीनं लिहिलं होतं तस्संच, फेरी पूर्ण झाली की टक्.

डबा उतरवला आणि उघडला. बेअरिंगच्या गोळ्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. त्यामुळे शाफ्ट डुलत होता आणि दुसऱ्याला बाहेर ढकलत होता. पितळी कडी गुळगुळीत, काळी पडलेली. आणि कडीनंतर जी बाही सरकून गिअरला धरते, तिचे दुसऱ्या बाजूचे दात झिजून गोल झालेले. बेअरिंग मी नेलंच होतं. कडी गॅरेजवाल्यानं भंगारातल्या एका व्हॅनमधून मिळवली, बरी होती. बाही मात्र कुठेच मिळेना. तो शहरात जाऊन हात हलवत परत आला.  दुसऱ्या दिवशी पोरीची डायलिसिसची खेप होती. मी त्या खड्ड्याच्या कडेला बसून राहिलो आणि मला वाटलं, आता हिला काय सांगायचं.

मग बाही उलटी करून बसवली. पहिल्याच्या बाजूचे दात चांगले होते, ते दुसऱ्याकडे गेले. झिजलेले पहिल्याकडे आले. म्हणजे आता सुटलाच तर पहिला सुटेल. पण पहिला लागतो तो चढावर आणि उभ्या गाडीला, तिथे ब्रेक मारायला वेळ असतो. उतारावर नसतो. याहून चांगलं मला काही करता आलं नाही.

जावईबुवांना खुर्चीत घालून गॅरेजच्या दारात आणलं होतं. मांडीवर घमेलं दिलं, रॉकेल दिलं, आणि एकेक गिअर धुवायला दिला. इतक्या निगुतीनं पुसत होते, दातांच्या फटीत कापडाची वात घालून घालून. मधेच मान वर करून काहीतरी म्हणाले. "ते तेल मीच घातलं," असं होतं. मला स्वच्छ दिसलं. पण मी कानाला हात लावून मान हलवली, कळलं नाही म्हणून. त्यांनी परत नाही सांगितलं. पुढचा गिअर उचलला.

काल सकाळी गाडी दारात उभी केली. ठकी उंबऱ्यात. चेहरा सुजलेला, पायात चप्पल मावत नव्हती. म्हणाली, "मामा, मी येत नाही. तू उगाच एवढा त्रास घेतलास." मी म्हटलं, "बरं." ती जरा गोंधळली. सगळ्यांनी तिला रडून, ओरडून सांगितलेलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हनुवटी वर करून, ओठ दिसतील अशी. तुझ्या सूचना तिनंच आधी वाचल्या असणार. "खरं सांग. टिकेल?"

मी म्हटलं, "माहीत नाही. मागच्या वेळी माहीत नसताना चालेल म्हणालो. या वेळी आत बघून आलोय. दुसरा टिकेल असं वाटतं. पहिला कदाचित त्रास देईल. तेल नवं आहे, बेअरिंग नवं आहे, बाकी जुनं आहे. महिन्याभरानं मी परत उघडून बघेन. किती वर्षं विचारशील तर मला सांगता येणार नाही."

"आणि सुटला तर?"

"तर मी पुढे बसलोय. दरीच्या बाजूला."

तिनं चपला उचलून हातात घेतल्या. मग भिंगरीला म्हणाली, "आई, उशी घे." आणि जाऊन बसली.

घाट उतरताना मी तळहात मधल्या पत्र्यावर ठेवला होता. भिंगरीचे हात पांढरे पडले होते चाकावर. पहिल्या वळणाआधी तिनं दुसरा टाकला. पडला. पत्र्याखाली सगळं एका लयीत फिरत होतं, इंजिन गाडीला धरून होतं. जिथे डोंगराला घासल्याचा ओरखडा अजून दिसतो, तिथे तिनं डोळे मिटले की काय असं मला वाटलं. मी तिच्या दंडाला हात लावला. दुसरा टिकला. पायथ्यापर्यंत टिकला. खाली आल्यावर तिनं गाडी बाजूला घेतली, दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला ओकली. मग तोंड पुसून पुन्हा चाकावर बसली.

मी इथेच राहतोय, निदान घाटातली भिंत बांधून होईपर्यंत. गॅरेजवाला म्हणतो, उघडलेले डबे बसवायला माणूस हवाच आहे, ऐकू येत नसलं तरी चालेल, त्याच्या जुन्या माणसाला ऐकू येऊनही कळायचं नाही. माझे दोन शर्ट आणि चष्मा पाठव. जमलं तर तूच घेऊन ये.

आणखी एक सांगायचं राहिलं. इस्पितळात सुया टोचायच्या आधी ठकीनं बाही वर केली. कोपराजवळ तिच्या नसा शस्त्रक्रियेनं जोडल्यात, तिथे दोरीसारखा फुगवटा आहे. मला वाटलं, दुखत असेल, मी नजर वळवली. तिनं माझी दोन बोटं धरली आणि त्यावर ठेवली. "रोज सकाळी बघायचं असतं," म्हणाली. "आत रक्त घुमतंय का ते. डॉक्टर नळीनं ऐकतात. मला बोटांनी कळतं."

मी बोटं टेकवली. बारीक, सलग, एकसारखी घरघर, कुठे खंड नाही, कुठे टक् नाही. ती मला विचारत होती, "कसं वाटतं?" आणि मी बोटं उचललीच नाहीत. एवढं स्वच्छ मी दोन वर्षांत काही ऐकलं नव्हतं, सरकार. ऐकलं असंच लिहितोय.

तुझा